कम्युनिटी कॉलेजमधील अभियांत्रिकी आणि आपत्कालीन वैद्यकीय प्रशिक्षण : कोर्स निवडण्यापूर्वी हे समजून घ्या

दहावी-बारावीचे निकाल लागले की आपल्या वस्त्यांमध्ये पत्रके फिरू लागतात. 'सहा महिन्यांत पॅरामेडिकल कोर्स', 'एका वर्षात इंजिनिअरिंग टेक्निशियन', 'शंभर टक्के नोकरीची हमी'. विहारात किंवा समाजमंदिरात मार्गदर्शनाची बैठक घेतली की मुले-मुली हीच पत्रके घेऊन येतात आणि एकच प्रश्न विचारतात, "हा कोर्स करू का?" आम्ही सामाजिक कार्यकर्ते म्हणून हा प्रश्न वर्षानुवर्षे ऐकत आलो आहोत. त्याला 'हो' किंवा 'नाही' असे एका शब्दात उत्तर देता येत नाही. कोर्स वाईट नसतो, पण तो पूर्ण केल्यावर पुढची पायरी आहे की नाही, हे कुणी सांगत नाही.

असे कमी कालावधीचे, कमी खर्चाचे, कामाशी जोडलेले शिक्षण मोठ्या प्रमाणावर देण्याचा प्रयोग अमेरिकेत झाला. तिथे त्याला कम्युनिटी कॉलेज म्हणतात. आपल्याकडेही ही कल्पना त्याच नावाने आली आहे. या लेखात आम्ही त्या कॉलेजांतील दोन अभ्यासक्रमांची माहिती देत आहोत. एक अभियांत्रिकीचा आणि दुसरा आपत्कालीन वैद्यकीय सेवेचा. त्यातून आपल्या तरुणांनी काय घ्यावे आणि कुठे सावध राहावे, हेही मांडत आहोत.

कम्युनिटी कॉलेज म्हणजे काय?

अमेरिकेतील पहिले सार्वजनिक ज्युनिअर कॉलेज १९०१ साली इलिनॉय राज्यातील जोलिएट येथे सुरू झाले. दुसऱ्या महायुद्धानंतर राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी नेमलेल्या उच्च शिक्षण आयोगाने १९४७ मध्ये अशा कॉलेजांचे जाळे देशभर विणावे, अशी शिफारस केली. 'कम्युनिटी कॉलेज' हे नाव तेव्हापासून रूढ झाले. आज तिथे अशी सुमारे एक हजार कॉलेजे आहेत. एकट्या कॅलिफोर्निया राज्यात ११६ सार्वजनिक कम्युनिटी कॉलेजे आहेत.

या कॉलेजांची वैशिष्ट्ये साधी आहेत. शालेय शिक्षण पूर्ण केलेल्या जवळपास प्रत्येकाला प्रवेश मिळतो, टक्केवारीची मोठी अट नसते. फी विद्यापीठापेक्षा बरीच कमी असते. वर्ग संध्याकाळीही भरतात, त्यामुळे दिवसा काम करणारा कामगार, मुलांची आई, सैन्यातून परतलेला जवान असे सगळे एकाच वर्गात शिकतात. दोन वर्षांच्या, साधारण साठ क्रेडिटच्या अभ्यासक्रमानंतर 'असोसिएट' पदवी मिळते. त्याशिवाय काही आठवड्यांपासून वर्षभरापर्यंतचे प्रमाणपत्र अभ्यासक्रमही असतात.

काळ्या, लॅटिनो आणि गरीब गोऱ्या कुटुंबांतील, घरातून पहिल्यांदाच कॉलेजला जाणाऱ्या असंख्य विद्यार्थ्यांसाठी उच्च शिक्षणाचा दरवाजा हाच आहे. म्हणून त्याच्याकडे आपण आस्थेने पाहायला हवे आणि चिकित्सेनेही.

पिट्सबर्गच्या काळ्या वस्तीतून आलेले पॅरामेडिक

आपत्कालीन वैद्यकीय प्रशिक्षणाचा इतिहास आपल्या तरुणांनी आवर्जून वाचावा असा आहे, कारण त्याची एक महत्त्वाची सुरुवात एका उपेक्षित वस्तीत झाली.

१९६० च्या दशकापर्यंत अमेरिकेत रुग्णवाहिका म्हणजे केवळ वाहतुकीचे साधन होते. अनेक गावांत अंत्यविधीचे काम करणाऱ्या संस्थांच्या गाड्याच रुग्ण नेत असत. पिट्सबर्ग शहरात हे काम पोलिसांच्या गाडीतून चाले. गाडीत स्ट्रेचर असे, उपचार नसत. १९६६ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीने अपघाती मृत्यूंवर एक अहवाल प्रसिद्ध केला आणि दवाखान्यात पोहोचण्याआधीच उपचाराअभावी माणसे दगावतात, हे देशासमोर मांडले.

त्याच शहरात हिल डिस्ट्रिक्ट ही काळ्या लोकांची जुनी वस्ती होती. १९५० च्या दशकात शहर सुधारणेच्या नावाखाली तिचा मोठा भाग पाडला गेला आणि हजारो लोक विस्थापित झाले. बेकारी प्रचंड होती. पोलिसांची गाडी या वस्तीत वेळेवर येईल, याचा लोकांना भरवसा नव्हता.

इथे तीन गोष्टी एकत्र आल्या. वस्तीत रोजगारासाठी काम करणारी फ्रीडम हाऊस ही संस्था होती. फिल हॅलन हे एका वैद्यकीय निधीचे प्रमुख मदतीला होते. आणि डॉ. पीटर सफार होते, ज्यांनी आजच्या सीपीआर पद्धतीचा पाया घालण्यात मोठा वाटा उचलला. दवाखान्याबाहेर सामान्य माणसाला प्रशिक्षण देऊन जीव वाचवता येतो, असे सफार यांचे ठाम मत होते. १९६७ मध्ये हिल डिस्ट्रिक्टमधील सुमारे दोन डझन काळ्या तरुणांचे प्रशिक्षण सुरू झाले. त्यांत काही व्हिएतनाम युद्धातून परतलेले होते, काहींचे शालेय शिक्षण अपुरे होते, काहींवर जुने गुन्हे नोंदलेले होते. समाजाने त्यांच्यावर 'नोकरीस अयोग्य' असा शिक्का मारला होता. त्यांना सुमारे ३०० तासांचे प्रशिक्षण मिळाले. शरीररचना, श्वसनमार्ग मोकळा करणे, सीपीआर, प्रथमोपचार आणि दवाखान्यातील प्रत्यक्ष काम हे सगळे त्यात होते. ज्यांची शाळा अर्धवट राहिली होती, त्यांना ती पूर्ण करण्यासाठीही मदत झाली.

१९६८ मध्ये फ्रीडम हाऊस रुग्णवाहिका सेवा सुरू झाली. पहिल्याच वर्षी तिने पाच हजारांहून अधिक बोलावण्यांना प्रतिसाद दिला. पुढे १९७४ मध्ये डॉ. नॅन्सी कॅरोलाईन या सेवेच्या वैद्यकीय संचालक झाल्या. त्यांनी या पथकाबरोबर रस्त्यावर काम करून पॅरामेडिकचा अभ्यासक्रम घडवला आणि तोच पुढे राष्ट्रीय अभ्यासक्रमाचा आधार ठरला. आज अमेरिकेतील कम्युनिटी कॉलेजात बसून पॅरामेडिक होणारा विद्यार्थी नकळत हिल डिस्ट्रिक्टच्या त्या तरुणांचेच ज्ञान शिकत असतो.

पण गोष्ट इथे संपत नाही. १९७५ मध्ये पिट्सबर्ग महापालिकेने स्वतःची सेवा सुरू केली आणि फ्रीडम हाऊस बंद झाले. तिथल्या कर्मचाऱ्यांना नव्या सेवेत घेण्याचे ठरले होते आणि घेतलेही. मात्र नव्या परीक्षा, नव्या अटी आणि जुन्या गुन्ह्यांच्या नोंदी पुढे करून अनेकांना बाहेर काढण्यात आले. काहींना दुय्यम कामे देण्यात आली. त्यांच्यापेक्षा कमी अनुभवाचे गोरे लोक त्यांच्या वर बसवले गेले. ज्यांनी हा व्यवसाय उभा केला, तेच त्यातून हळूहळू हद्दपार झाले. फार थोडे टिकले. दवाखान्यात ऑर्डर्ली म्हणून सुरुवात करून फ्रीडम हाऊसमध्ये आलेले जॉन मून हे त्यांपैकी एक. ते पुढे शहराच्या सेवेत साहाय्यक प्रमुख पदापर्यंत पोहोचले आणि काळ्या तरुणांच्या भरतीसाठी काम करत राहिले.

यातून आम्ही जो धडा घेतो तो असा : कौशल्य मिळवणे हा अर्धा लढा आहे. प्रमाणपत्र कोण देतो, परीक्षा कोण घेतो, बढतीची पायरी कुणाच्या हातात आहे, हा उरलेला अर्धा.

ईएमटी आणि पॅरामेडिक : अभ्यासक्रम कसा असतो?

अमेरिकेत आपत्कालीन सेवेचे चार स्तर आहेत. प्राथमिक प्रतिसादक, ईएमटी, प्रगत ईएमटी आणि पॅरामेडिक. राष्ट्रीय पातळीवर परीक्षा घेणारी नोंदणी संस्था १९७० मध्ये स्थापन झाली. तिची परीक्षा उत्तीर्ण झाल्यावरही प्रत्येक राज्याचा परवाना वेगळा घ्यावा लागतो.

ईएमटीचा अभ्यासक्रम साधारण दीडशे ते दोनशे तासांचा असतो आणि कम्युनिटी कॉलेजात तो एका सत्रात पूर्ण होतो. त्यात घटनास्थळ सुरक्षित आहे का हे पाहणे, रुग्णाची तपासणी, श्वसनमार्ग मोकळा ठेवणे, ऑक्सिजन देणे, सीपीआर व हृदयाला विजेचा झटका देणारे एईडी यंत्र वापरणे, रक्तस्राव थांबवणे, मोडलेल्या हाडाला आधार देणे, वाटेत बाळंतपण झाल्यास मदत करणे आणि नोंदी ठेवणे हे शिकवतात. काही तास रुग्णवाहिकेत व दवाखान्यात प्रत्यक्ष काम करावे लागते.

पॅरामेडिकचा अभ्यासक्रम बहुतेक ठिकाणी एक हजार तासांहून मोठा असतो. शरीररचना, औषधशास्त्र, ईसीजी वाचणे, शिरेतून औषध देणे, श्वासनलिकेत नळी घालणे असा त्याचा आवाका आहे. जानेवारी २०१३ पासून राष्ट्रीय नोंदणीच्या पॅरामेडिक परीक्षेला बसण्यासाठी मान्यताप्राप्त कार्यक्रमातूनच शिक्षण घेतलेले असणे आवश्यक झाले. त्यामुळे कम्युनिटी कॉलेजांचे महत्त्व वाढले. तिथे पॅरामेडिक प्रमाणपत्राला भाषा, गणित, विज्ञान यांची जोड दिली की असोसिएट पदवी मिळते. त्यातून परिचारिका किंवा इतर आरोग्य अभ्यासक्रमांकडे जाण्याची वाट उघडते.

इथे 'पॅरामेडिक' आणि 'पॅरामेडिकल' या शब्दांतला फरकही लक्षात घ्या. आपल्याकडे लॅब टेक्निशियनपासून एक्स-रे टेक्निशियनपर्यंत सगळ्यांना सरसकट पॅरामेडिकल म्हणतात. पॅरामेडिक म्हणजे रुग्णवाहिकेत प्रगत उपचार करणारी प्रशिक्षित व्यक्ती. पत्रकावर 'पॅरामेडिकल' लिहिले म्हणून तो आपत्कालीन सेवेचा कोर्स ठरत नाही.

अभियांत्रिकी : एकाच इमारतीतल्या दोन वाटा

कम्युनिटी कॉलेजात अभियांत्रिकीच्या नावाखाली दोन वेगळे अभ्यासक्रम चालतात. नावे सारखी वाटतात, पण त्यांची टोके वेगळी आहेत.

पहिला अभ्यासक्रम पुढे विद्यापीठात जाण्यासाठी असतो. त्यात कलनशास्त्र, अवकल समीकरणे, भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, स्थितिकी, संगणक प्रोग्रामिंग असे विषय असतात. हे अभियांत्रिकी पदवीच्या पहिल्या दोन वर्षांचेच विषय आहेत. कॉलेज आणि विद्यापीठ यांच्यात करार असेल तर विद्यार्थी थेट तिसऱ्या वर्षात जातो. दोन वर्षे कमी फीमध्ये शिकून उरलेली दोन वर्षे मोठ्या विद्यापीठात पूर्ण करता येतात.

दुसरा अभ्यासक्रम अभियांत्रिकी तंत्रज्ञानाचा असतो. इलेक्ट्रॉनिक्स, यंत्रकाम, वातानुकूलन, भूमापन, स्वयंचलित यंत्रणा अशा शाखांत हाताने काम करणारा तंत्रज्ञ घडवणे हा त्याचा हेतू. नोकरी लवकर मिळते. पण त्यातले अनेक क्रेडिट अभियांत्रिकी पदवीसाठी धरले जात नाहीत. विद्यार्थ्याला हे प्रवेशाच्या दिवशी कळले नाही, तर दोन वर्षांनी तो पदवीसाठी जातो आणि पुन्हा पहिल्या वर्षाचे गणित घ्यावे लागते.

पहिली वाट किती दूर नेऊ शकते, याचे उदाहरण आयलीन कॉलिन्स यांचे. न्यूयॉर्क राज्यातील एल्मायरा या गावी सरकारी घरकुलात वाढलेल्या कॉलिन्स कॉर्निंग कम्युनिटी कॉलेजात शिकल्या, तिथून सिराक्यूज विद्यापीठात गेल्या, वैमानिक झाल्या आणि १९९९ मध्ये अवकाशयानाचे नेतृत्व करणाऱ्या पहिल्या अमेरिकन महिला ठरल्या. गरिबीतली मुलगी अवकाशात गेली हे खरेच आहे. पण तिच्या पहिल्या कॉलेजातून पुढे जाणारा जिना होता, हेही तितकेच खरे आहे.

'थंड करणे' : समाजशास्त्राचा इशारा

कम्युनिटी कॉलेजांबद्दल सगळे चांगलेच बोलतात असे नाही. समाजशास्त्रज्ञ बर्टन क्लार्क यांनी १९६० मध्ये एका गाजलेल्या निबंधात या कॉलेजांचे एक छुपे काम दाखवून दिले. त्याला त्यांनी 'थंड करणे' अशा अर्थाचे नाव दिले. समाज सगळ्यांना सांगतो की तुम्ही मोठी स्वप्ने पाहा. पण विद्यापीठात सगळ्यांना जागा नसते. मग दार उघडे असलेल्या कॉलेजात विद्यार्थ्याला घ्यायचे, चाचण्या घ्यायच्या, समुपदेशन करायचे आणि हळूहळू त्याला पटवायचे की पदवी तुझ्यासाठी नाही, हा छोटा कोर्स तुला शोभेल. विद्यार्थी निमूटपणे मान्य करतो आणि अपयशाचा दोष स्वतःलाच देतो. व्यवस्थेला कुणी प्रश्न विचारत नाही. १९८९ मध्ये स्टीव्हन ब्रिंट आणि जेरोम काराबेल यांनीही या कॉलेजांच्या इतिहासावरील पुस्तकात, विद्यार्थ्यांची पदवीची स्वप्ने व्यावसायिक शिक्षणाकडे कशी वळवली गेली, हे दाखवले.

आपल्याला ही प्रक्रिया ओळखीची वाटायला हवी. 'तुमच्या मुलाला आयटीआयला घाला, इंजिनिअरिंग झेपणार नाही' हे वाक्य आपल्या किती पालकांनी ऐकले आहे? आयटीआय कमी दर्जाचे नाही. हाताच्या कामाला कमी लेखणे ही जातिव्यवस्थेचीच शिकवण आहे आणि ती आपण नाकारली आहे. प्रश्न एवढाच की निवड मुलाने माहिती घेऊन केली, की त्याच्या आडनावाकडे आणि वस्तीकडे पाहून दुसऱ्या कुणी केली?

बाबासाहेबांची १९४२ची मागणी

तांत्रिक शिक्षणाचा हा प्रश्न बाबासाहेबांनी फार लवकर ओळखला होता. १९४२ मध्ये ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. त्याच वर्षी त्यांनी अस्पृश्य वर्गाच्या गाऱ्हाण्यांचे एक निवेदन सरकारला सादर केले. त्यात त्यांनी मांडले की कला आणि कायद्याचे शिक्षण आपल्या समाजाला फार पुढे नेणार नाही, विज्ञान आणि तंत्रज्ञानातील उच्च शिक्षण हवे. त्यासाठी देशातील शिक्षणाकरिता वर्षाला दोन लाख आणि परदेशातील शिक्षणाकरिता एक लाख रुपयांची तरतूद त्यांनी मागितली. सोबतच सरकारी छापखाने आणि रेल्वेचे कारखाने यांत आपल्या मुलांना शिकाऊ उमेदवार म्हणून घ्यावे, अशीही मागणी केली.

या मागण्या एकत्र वाचल्या पाहिजेत. बाबासाहेबांनी कारखान्यातली उमेदवारी मागितली आणि परदेशातले उच्च तांत्रिक शिक्षणही मागितले. खालची पायरी आणि वरची पायरी, दोन्ही. पुढे १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्यात १९७३ च्या दुरुस्तीने अनुसूचित जाती-जमातींसाठी जागा राखीव झाल्या. आज आपले किती तरुण त्या जागांसाठी अर्ज करतात?

आपल्याकडची स्थिती

भारतात कम्युनिटी कॉलेजची सुरुवात १९९५ मध्ये पुदुच्चेरीत झाली. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१३ च्या सुमारास देशभर कम्युनिटी कॉलेजांची योजना आणली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये राष्ट्रीय कौशल्य पात्रता आराखडा जाहीर झाला आणि पुढे बी.व्होक. पदवी आली. कागदावर जिना तयार आहे. प्रत्यक्षात एखाद्या विशिष्ट कोर्सचे क्रेडिट कुठले विद्यापीठ स्वीकारते, हे प्रत्येक वेळी तपासावे लागते.

अभियांत्रिकीत मात्र महाराष्ट्रात एक पक्का जिना आधीपासून आहे, आणि तो आपल्या अनेक पालकांना माहीतच नाही. दहावीनंतर दोन वर्षांचा आयटीआय ट्रेड केलेल्या विद्यार्थ्याला पदविकेच्या थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश घेता येतो. पदविका झाल्यावर अभियांत्रिकी पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षात जाता येते. हिशेब करा. दहावी, मग दोन वर्षे आयटीआय, दोन वर्षे तंत्रनिकेतन, तीन वर्षे पदवी, अशी एकूण सात वर्षे. बारावी करून पदवी घेणाऱ्याला सहा वर्षे लागतात. फक्त एक वर्ष जास्त, आणि वाटेत हातात दोन प्रमाणपत्रे, प्रत्येक टप्प्यावर कमावण्याची सोय. घरची परिस्थिती बिघडली तर थांबता येते, सावरल्यावर पुन्हा चढता येते. कम्युनिटी कॉलेजची मूळ कल्पना याहून वेगळी नाही. अडचण गणिताची असते. आयटीआयमधून पदविकेला आणि पदविकेतून पदवीला जाताना मुले गणितातच अडकतात.

आपत्कालीन सेवेचे चित्र गुंतागुंतीचे आहे. २००५ मध्ये हैदराबादेतून १०८ सेवा सुरू झाली आणि अनेक राज्यांत पसरली. तिथे रुग्णवाहिकेत प्रशिक्षित ईएमटी असतो. महाराष्ट्रात ही सेवा २०१४ मध्ये ९३७ रुग्णवाहिकांनिशी सुरू झाली. त्यात २३३ प्रगत आणि ७०४ मूलभूत जीवरक्षक होत्या. पण इथे रुग्णवाहिकेत डॉक्टर नेमण्याची पद्धत स्वीकारली गेली. म्हणजे ईएमटीचा कोर्स करून महाराष्ट्रात थेट १०८ मध्ये लागू, असे कुणी सांगत असेल तर त्याला नेमणुकीची अट दाखवायला सांगा. खासगी रुग्णालयांचे अपघात विभाग, खासगी रुग्णवाहिका, मोठे कारखाने व बांधकाम प्रकल्प, इतर राज्ये अशा ठिकाणी कामाच्या संधी असतात.

दुसरी महत्त्वाची गोष्ट कायद्याची. संसदेने २०२१ मध्ये संलग्न आणि आरोग्यसेवा व्यावसायिकांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला. आपत्कालीन वैद्यकीय तंत्रज्ञ त्याच्या यादीत आहेत. या कायद्याच्या व्याख्येनुसार संलग्न आरोग्य व्यावसायिकाची पदविका किंवा पदवी किमान दोन हजार तासांची आणि दोन ते चार वर्षांत विभागलेली असावी लागते. 'आरोग्यसेवा व्यावसायिका'साठी ही मर्यादा किमान ३६०० तासांची आहे. सहा महिन्यांचा कोर्स काम शिकवू शकतो, पण या व्याख्येत बसत नाही. नोंदणीची अंमलबजावणी जसजशी कडक होईल, तसतसे छोट्या प्रमाणपत्रावर काम करणारे बाजूला पडण्याचा धोका आहे. पिट्सबर्गमध्ये जे झाले, ते इथे वेगळ्या रूपात होऊ शकते. गुणवत्तेसाठी नियम हवेतच. पण नियम येताना आधीपासून काम करणाऱ्यांना शिकून वर चढण्याची संधीही हवी. ही मागणी आपण आजच लावून धरली पाहिजे.

प्रवेशापूर्वी विचारायचे सात प्रश्न

१. प्रमाणपत्र कोण देणार? विद्यापीठ, राज्य मंडळ, सरकारमान्य कौशल्य संस्था की फक्त ती खासगी संस्था? मान्यतेचा कागद पाहा आणि मान्यता देणाऱ्या संस्थेच्या संकेतस्थळावर पडताळा.

२. एकूण तास किती आणि त्यातले दवाखान्यात, रुग्णवाहिकेत किंवा कारखान्यात किती? फक्त वर्गात बसून ईएमटी होता येत नाही.

३. हा कोर्स झाल्यावर पुढच्या कोणत्या अभ्यासक्रमात, कोणत्या वर्षात प्रवेश मिळतो? तोंडी उत्तर घेऊ नका. नियम दाखवायला सांगा.

४. मागच्या दोन तुकड्यांतील विद्यार्थी आज कुठे काम करतात? त्यांच्यापैकी दोघांशी स्वतः बोला.

५. भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती या कोर्सला लागू आहे का? ती मान्यताप्राप्त अभ्यासक्रमांनाच मिळते. महाडीबीटीवर कोर्सचे नाव सापडते का ते पाहा. बाहेरगावी राहावे लागत असेल तर स्वाधार योजनेची पात्रता तपासा.

६. मूळ कागदपत्रे संस्था ठेवून घेते का? मध्येच सोडल्यास फी परत मिळते का? मूळ गुणपत्रिका कुणाकडेही अडकवू नका.

७. परदेशी प्रमाणपत्राचे आश्वासन दिले जाते का? अमेरिकेतील नोंदणी भारतात आपोआप चालत नाही, आणि इथल्या प्रमाणपत्रावर तिथे थेट काम मिळत नाही.

जातीचा दाखला, बौद्ध असल्यास त्यानुसारचे प्रमाणपत्र, जात वैधता, उत्पन्नाचा दाखला हे निकालाच्या आधीच तयार ठेवा. कागद नाही म्हणून प्रवेश हुकलेली मुले आम्ही दरवर्षी पाहतो. ते दुःख टाळण्यासारखे असते.

विहारात आज काय करता येईल?

सरकारची वाट न पाहता दोन कामे प्रत्येक विहारात सुरू होऊ शकतात.

पहिले, गणिताचा वर्ग. आयटीआय आणि पदविकेच्या मुलांसाठी आठवड्यातून दोन संध्याकाळी. आपल्या समाजात आज अभियंते आहेत, शिक्षक आहेत. त्यांनी जयंतीला वर्गणी दिली यात समाधान मानू नये, दोन तास द्यावेत. जिन्याची जी पायरी मोडकी आहे, तीच दुरुस्त करू या.

दुसरे, जीवरक्षणाचे प्रशिक्षण. दीक्षाभूमी, चैत्यभूमी, भीमा कोरेगाव इथे लाखोंचा जनसमुदाय जमतो. समता सैनिक दलाचे आणि इतर संघटनांचे स्वयंसेवक रात्रंदिवस राबतात. त्यांतल्या प्रत्येक पथकात निदान दोघांना सीपीआर यायला हवा. कोसळलेली व्यक्ती हाक मारून प्रतिसाद देत नसेल, श्वास नीट चालत नसेल, तर १०८ ला फोन करायला सांगून लगेच छातीच्या मध्यभागी दाब द्यायला सुरुवात करायची. मोठ्या माणसाची छाती ५ ते ६ सेंटीमीटर खाली जाईल इतका जोर, मिनिटाला १०० ते १२० वेळा, आणि प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्यायची. प्रशिक्षित असाल तर ३० दाबांनंतर २ श्वास. हे वाचून येत नाही, पुतळ्यावर सराव करावा लागतो. जवळच्या सरकारी रुग्णालयातील किंवा वैद्यकीय महाविद्यालयातील डॉक्टरांना बोलावून एका रविवारी हे शिकता येते.

अपघातग्रस्ताला मदत केली तर पोलीस त्रास देतील, ही भीती मनातून काढा. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये मदत करणाऱ्यांना संरक्षण देणारी मार्गदर्शक तत्त्वे मान्य केली आणि २०१९ च्या मोटार वाहन कायदा दुरुस्तीने कलम १३४अ आणले. चांगल्या हेतूने मदत करणाऱ्यावर त्या मदतीमुळे दिवाणी किंवा फौजदारी कारवाई होत नाही.

शेवटी त्या पहिल्या प्रश्नाकडे येतो. "हा कोर्स करू का?" आमचे उत्तर असे : कर, पण पुढची पायरी पाहून कर. आणि वर पोहोचल्यावर जिना ओढून घेऊ नकोस. परीक्षा मंडळात, परिषदेत, भरती समितीत आपली माणसे बसली नाहीत, तर आपण घडवलेले कामही आपल्या हातून जाते. हिल डिस्ट्रिक्टच्या तरुणांनी हे सोसून शिकवले आहे. आपण ते वाचून शिकू या.

जय भीम!